आधी सांगू द्या, मग लिहू द्या

आज बचतीचा हिशोब बाजूला ठेवू आणि लेकरांच्या वहीबद्दल बोलू.

बहिणाबाई चौधरी आपल्याच जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८० चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातली काही लिहून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. जी गाणी कोणी टिपली नाहीत, ती जात्याबरोबरच थांबली.

आता दुसरी गोष्ट पुण्याची. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. शाळेत जेमतेम ३ वर्षं झाली होती. १८५५ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या माणसांनी सोसलेलं तिने स्वतःच्या हाताने मांडलं. म्हणून आज जवळपास पावणेदोनशे वर्षांनीही ते आपल्याला वाचता येतं.

आपल्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ पासून शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. छापखाना नसला तरी शब्द लेकरांपर्यंत पोचतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

मग आपण काय करायचं? पोर सांगतं, "मनी माय वावरमा गयी." आपण लगेच टोकतो, "असं नाही, माझी आई शेतात गेली म्हण." पोर गप्प होतं आणि गोष्ट तिथंच संपते. शाळेची भाषा शिकायलाच हवी, पण ती दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी पोराची अहिराणी, तावडी जशी आहे तशी कागदावर येऊ द्या. लहानग्याला लिहिता येत नसेल तर त्याने चित्र काढावं, सांगावं, आणि थोरल्या बहिणीने लिहून घ्यावं. मग तेच त्याला वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर उतरतं हे एकदा कळलं, की पेन ते स्वतःच मागतं.

आपल्यातल्या काहीजणी अजून अंगठा लावतात. त्यांनीही मागे राहू नये. तुम्ही सांगा, नातवंडं लिहितील. पुढच्या बैठकीला पासबुकासोबत प्रत्येकीने घरातल्या लेकराचं एक पान आणावं. आपण ते मोठ्याने वाचू.