उद्यमनगरात, बुलेटचा गिअरबॉक्स उघडताना

साल १९८६. मे महिन्यातली दुपार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका पत्र्याच्या गॅरेजसमोर तुम्ही उभे आहात. शेजारच्या शेडमध्ये लेथ चालू आहे आणि कुठल्याशा फाउंड्रीतून तापलेल्या वाळूचा करपट वास येतोय.

"पावनं, हुबं का? ती रॉकेलची परात घ्या हिकडं," आतून मिस्त्री हाक मारतात. तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारत नाही. हात रिकामे दिसले, काम मिळालं.

स्टँडवर एनफिल्ड बुलेट आहे. साडेतीनशेची, खरी ३४६ सीसी. ७० मिलिमीटरचं बोअर, ९० चा स्ट्रोक. तुमच्या काळात अशी गाडी व्हिंटेज म्हणून पुसूनपासून उभी करतात. इथे तिच्या मागच्या सीटवरून आजच सकाळी खताचं पोतं आलंय. मालक आबा कागलकडचे ऊसवाले आहेत. दाराशी बाकड्यावर बसून ते तक्रार सांगतात, "घाटाला लागलं की तिसरा उडतोय. समदं दातं गेलं असतील बघा आतलं."

मिस्त्री उत्तर देत नाहीत. गाडीच्या उजव्या बाजूला बसून गिअरचा दांडा हातानेच वर-खाली करतात. या गाडीचे गिअर उजव्या पायात असतात, पहिला वर आणि उरलेले तीन खाली. शेजारी टाचेने दाबायचा आणखी एक छोटा दांडा आहे. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये असताना क्लच धरून तो दाबला की गाडी थेट न्यूट्रलला येते. ही सोय बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या बॉक्सची. १९५५ साली रॉयल एनफिल्डची मद्रास मोटर्सशी भागीदारी झाली, तिरुवोत्तियूरला बुलेट बनू लागली आणि तिच्याबरोबर हा बॉक्सही आला. इंग्लंडमध्ये रॉयल एनफिल्डचं काम थांबूनही आता पंधरा वर्षं उलटली आहेत. हा बॉक्स मात्र मद्रासेत रोज बनतोय.

आधी किक आणि गिअरचा दांडा निघतो, मग बाहेरचं झाकण. आतली एक पट्टी मिस्त्री बोटाने दाखवतात. दोन बोल्टांवर धरलेली, लांबट भोकांची. गिअर टाकताना पायाची चाल वर आणि खाली कुठे थांबायची, ते ही पट्टी ठरवते. ती जराशी सरकली तरी एका बाजूला चाल अपुरी पडते आणि दुसऱ्या बाजूला जास्त होते. मग दोन गिअरांच्या मधेच फॉल्स न्यूट्रल सापडतं, आणि माणूस म्हणतो बॉक्स गेला. अल्बियनची जी बदनामी झाली, तिच्यात मोठा वाटा या पट्टीचा आहे. दोन बोल्ट सैल करून, पट्टी मधोमध आणून परत आवळायचे, एवढंच ते काम. पण ते न करता बॉक्स उघडणारे पुष्कळ.

इथे पट्टी जागेवर आहे. मिस्त्री मान हलवतात. "डावीकडं या आता."

प्रायमरीचं झाकण फूटरेस्टजवळच्या एकाच नटावर बसतं. नट फिरतो, झाकण सुटतं, खाली ठेवलेल्या डब्यात काळं ऑइल वाहतं. क्लचच्या तीन स्प्रिंगा निघतात, मग प्लेटा. मधला नट हट्टी आहे. तुम्ही मागचा ब्रेक दाबून धरायचा, मिस्त्री पान्याला पाइप घालून जोर लावणार. डाव्या पायाने दाबा, ब्रेक तिकडे आहे. नट सुटला की क्लचला पुलर लागतो आणि इंजिनाचं स्प्रॉकेट, दुहेरी चेन, क्लच असा सगळा पसारा एकत्रच बाहेर येतो.

या बॉक्सची खरी थोरवी पुढे आहे. इंजिन उतरवायचं नाही, बॉक्स चौकटीतून सोडवायचा नाही. उजवीकडचं आतलं झाकण काढलं की मेनशाफ्ट, ले-शाफ्ट आणि गिअर सरकवणारा फोर्क जागच्या जागी हातात येतात. ज्याने ही रचना आखली, त्याने पुढे ती उघडणाऱ्या माणसाचा विचार केला होता. गावोगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही गाडी जगली, त्याचं मोठं श्रेय मी या एका सोयीला देतो.

आत ग्रीस आहे. पिवळं, घट्ट, मेणासारखं. मिस्त्री बोटभर ग्रीस काढून तुमच्यापुढे धरतात. "हे बघा. गिअर फिरल्यात तेवढी वाट सोडली, बाकी हललंच न्हाई."

खरंच, ग्रीसमध्ये दात्यांनी आपापली चाकोरी कोरली आहे. एकदा बाजूला लोटलेलं घट्ट ग्रीस परत वाहून येत नाही. दात्यांना त्याचा चट्टा तरी लागतो. पण मेनशाफ्ट ज्यातून जातो त्या स्लीव्ह गिअरच्या पोटातल्या बुशापर्यंत थेंबही पोचत नाही.

तुम्ही रॉकेलमध्ये भाग धुताय आणि मिस्त्री ते 'पुढारी'च्या जुन्या पानावर निघाले त्या क्रमाने मांडताहेत. वॉशरची बाजूसुद्धा बदलू देत नाहीत. गिअर स्वच्छ होत जातात आणि मालकांचा अंदाज चुकतो. दाते शाबूत आहेत. तिसऱ्याचे डॉग, म्हणजे एकमेकांत अडकणारी खुट्टं, तेवढी कडेला गोल झाली आहेत. नख फिरवा, जिथे अडायला हवं तिथे घसरतं.

मग मिस्त्री मेनशाफ्ट स्लीव्ह गिअरमध्ये घालून टोक हलवतात. टक-टक. "दातं न्हाई आबा, बुश खाल्लाय."

चौथ्या गिअरमध्ये मेनशाफ्ट आणि स्लीव्ह गिअर एकमेकांत अडकून एकसंध फिरतात, तेव्हा बुशाला घासणं नाही. खालच्या तिन्ही गिअरांत मात्र दोघांचा वेग वेगळा, म्हणून बुश झिजतो. सपाटीवर चौथ्यात पळणाऱ्या गाडीचा बुश टिकतो, घाटातल्या गाडीचा लवकर जातो. तो झिजला की शाफ्ट तिरका होतो, डॉग पुरते भिडत नाहीत, आणि ओझं पडलं की तिसरा बाहेर फेकला जातो. डॉग गोल झाले ते त्यामुळे. डॉगचा गिअर बदलून बुश तसाच ठेवला, तर नवाही गोल होणार.

शेजारच्या लेथवर टर्नर गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरतो. पिवळा भुसा तुमच्या चपलांवर पडतो. बुश बाहेरून किंचित मोठा ठेवायचा आणि व्हाइसमध्ये दाबून बसवायचा. बसताना तो आवळतो, म्हणून आतलं माप आधी पुरं करायचं नसतं; दाबून झाल्यावर रीमरने काढायचं. मिस्त्री शाफ्टला ऑइल लावून आत सरकवतात, फिरवतात, टोक हलवतात. आवाज नाही. रीमर आणखी एकदा हलकेच फिरतो. या वेळी शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, आणि टर्नरकडे बघून मिस्त्री पहिल्यांदा हसतात. गोल डॉगचा गिअर बाद करून पत्र्याच्या डब्यातला जुना पण धारदार कडांचा गिअर घेतला जातो.

जोडणी उलट्या क्रमाने, त्यात सांगण्यासारखं फार नाही. फक्त ग्रीस पाहा. मिस्त्री ते डब्यात घेऊन त्यात गिअर ऑइल ओततात आणि काकवीसारखी धार पडेपर्यंत घोटत राहतात. नुसतं ऑइल भरलं तर स्लीव्हच्या मागून गळून चेनवर येतं. नुसतं ग्रीस भरलं तर काय होतं, ते तुमच्या परातीत पडलेलं आहे.

संध्याकाळी ट्रायल. हँडल तुमच्याकडे, मागे मिस्त्री. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडून गाडी रत्नागिरी रस्त्याला लागते. पुलापलीकडे एक बैलगाडी आडवी येते आणि तुमचा उजवा पाय सवयीने ब्रेक म्हणून गिअरवर पडतो. इंजिन घुमतं, मागून पाठीवर थाप बसते, "डावा, डावा!" वाघबीळहून गाडी पन्हाळ्याच्या चढाला वळते. तिसरा टाकलेला आहे.

"थ्रॉटल सोडा," मिस्त्री कानाशी ओरडतात. "आता एकदम पिळा."

गिअर उडायचा तर इथेच, ओढ सुटून परत बसताना. तुम्ही पिळता. गाडी धक्का न खाता वर ओढते. पुन्हा सोडायला लावतात, पुन्हा पिळायला. मालक उद्या असाच चढ दोन पोती घेऊन चढणार, म्हणून मिस्त्री वळणावळणाला तेच करून घेतात. मग गाडी कडेला घ्यायला लावतात, गुडघ्यावर बसून बॉक्सच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागे बोट फिरवतात आणि ते तुम्हाला दाखवतात. कोरडं आहे.

"आबास्नी सांगा, आठ दिवसांनी गाडी आणा म्हणावं. बोल्ट परत आवळाय लागतील. आणि ग्रीस कुणाला भरू देऊ नका."