झिऱ्याचं पाणी

माझ्या आजीचं माहेर पाषाणचं. भुकूमकडच्या डोंगरातून निघालेली रामनदी भूगाव, बावधन करत पाषाणच्या तळ्यात शिरते आणि पुढे सोमेश्वरवाडी, बाणेरवरून मुळेला मिळते. तळ्याचा बांध इंग्रजांच्या काळातला. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला तिथून पाणी जाई. आजीच्या बोलण्यात मात्र लाटसाहेब थोडा आणि खेकडे फार.

पहिल्या पावसात तिचे भाऊ पलिते घेऊन नदीवर जात. त्यात पटाईत थोरला की मधला, हे मला आता धड आठवत नाही. खोबरं-लसूण पाट्यावर वाटून रस्सा व्हायचा, सोबत तांदळाची भाकरी. १९५० च्या जानेवारीत पंडित नेहरू राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला आले, तेव्हा सगळा गाव त्यांना बघायला लोटला होता म्हणे. आजीच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की त्या दिवशी धुण्याला मोकळा दगड मिळाला.

उन्हाळ्यात धार बारीक झाली की बायका पात्रातल्या वाळूत हातभर झिरा खणायच्या. पहिलं गढूळ पाणी उपसायचं, जरा दम धरायचा, मग करवंटीनं कळशी भरायची. धुणं त्याच्या खालच्या अंगाला, म्हशी त्याहून खाली. "वर गवत हाय तवर झिरा भरतोय," आजी म्हणायची. खरंच होतं ते. गवताळ उतारावरचा पाऊस मुरतो, खाचरांच्या बांधांशी थबकून गाळ तिथंच टाकतो आणि मातीतून गाळून महिनोन्‌महिने ओढ्याला पाझरत राहतो.

बाणेर, बालेवाडी १९९७ साली महापालिकेत आली आणि या सगळ्या पट्ट्यात खाचरांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. स्लॅबवर, डांबरावर पडलेलं पाणी मुरायचं कुठं? तेल, माती, प्लास्टिक घेऊन ते घटकाभरात नदीत येतं. पाझर आटला, तरी रामनदी वैशाखातही वाहते. ते तिचं पाणी नव्हे, घराघरांतून वापरून सोडलेलं. मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते. तळ्यावरच्या त्या हिरव्या रंगाचा मला राग येतो.

आजीच्या माहेरची सून अजून तोच रस्सा करते. खेकडे मुळशीकडून येतात. ते आणणारी कातकरी बाई परवा सांगत होती, तिकडेही उतारावर प्लॉट पडायला लागलेत.