ज्यूरी-पद्धती, सोव्हिएटोत्तर रशियातील

सामान्य नागरिकांनी आरोपीचा दोष ठरवण्याची, सोव्हिएट संघाच्या अखेरीनंतर रशियात पुन्हा आणलेली पद्धती. साम्यवादी राजवटीतून बाहेर पडलेल्या देशांनी केलेल्या न्यायसुधारणांत हा प्रयोग सर्वांत धाडसी मानावा लागतो.

पार्श्वभूमी : झार दुसरा अलेक्झांडर याने 1864 च्या न्यायसुधारणांत ज्यूरी आणली. सेंट पीटर्सबर्गच्या गव्हर्नरवर गोळी झाडणाऱ्या व्हेरा झासुलिचला 1878 मध्ये ज्यूरीनेच निर्दोष सोडले. 1917 च्या अखेरीस बोल्शेविकांनी ही पद्धत मोडीत काढली. सोव्हिएट न्यायालयात न्यायाधीशाच्या दोन बाजूंना दोन नागरिक बसत. ते बहुधा न्यायाधीशाच्या म्हणण्याला मान डोलावत, म्हणून लोक त्यांना ‘किवाली’, म्हणजे माना डोलावणारे, म्हणत. साम्यवादी पक्षाच्या कचेरीतून फोन आला की निकाल फिरे. त्याला ‘टेलिफोनचा कायदा’ असे नाव पडले होते. पुरावा तोकडा पडला तरी आरोपी सुटत नसे. प्रकरण पुढील तपासासाठी परत जाई आणि तो कोठडीतच राही.

पुनरागमन : सेर्गेई पाशिन प्रभृती कायदेपंडितांनी तयार केलेला न्यायसुधारणेचा आराखडा रशियाच्या संसदेने ऑक्टोबर 1991 मध्ये स्वीकारला. जुलै 1993 च्या कायद्याने नऊ प्रांतांत ज्यूरी आली. पहिला खटला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सारातोव येथे उभा राहिला. मृत्युदंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ज्यूरीचा हक्क 1993 च्या राज्यघटनेत आहे. याच आधारावर घटना न्यायालयाने 2 फेब्रुवारी 1999 रोजी, देशभर ज्यूरी येईपर्यंत कोणालाही मृत्युदंड ठोठावू नये, असा आदेश दिला. शेवटचा प्रांत चेचन्या. तेथे ज्यूरी 2010 मध्ये पोहोचली. त्याच्या तोंडावर, नोव्हेंबर 2009 मध्ये, न्यायालयाने मृत्युदंडावरील बंदी पुढे चालू ठेवली. ज्यूरीने वाचवलेल्या जिवांची मोजदाद करताना हे दोन आदेशही धरायला हवेत.

प्रश्नपत्रिका : या पद्धतीचा गाभा ज्यूरीपुढे ठेवल्या जाणाऱ्या प्रश्नपत्रिकेत आहे. मुख्य प्रश्न तीन : कृत्य घडल्याचे सिद्ध झाले का? ते आरोपीने केल्याचे सिद्ध झाले का? तो दोषी आहे का? दोषी ठरल्यास, तो दयेला पात्र आहे का, हेही विचारतात. ज्यूरीने ‘होय’ म्हटले तर न्यायाधीशाला कमाल शिक्षा देता येत नाही. 2002 च्या संहितेनुसार बारा जणांनी तीन तास एकमताचा प्रयत्न करायचा, मग मतदान. 2018 पर्यंत बारांपैकी सहांनी तिन्हींतील एका प्रश्नाला ‘नाही’ म्हटले तरी आरोपी सुटे. ज्यूरीप्रमुख उत्तरे मोठ्याने वाचतो, तेव्हा सारे न्यायालय उभे असते. ‘निर्दोष’ ऐकताच आरोपीला तिथल्या तिथे मोकळे केले जाते.

मात्र कबुलीजबाब मारहाण करून घेतला, असे आरोपीने ज्यूरीसमोर बोलायचे नाही. पुरावा ग्राह्य आहे की नाही, हे न्यायाधीश ज्यूरीला बाहेर पाठवून ठरवतो. वकिलाच्या तोंडून मारहाणीचा उल्लेख निघाला, तर तेवढ्यावरून पुढे निर्दोष सुटका रद्द होऊ शकते. ज्या जुलमासाठी ज्यूरी हवी होती, तोच तिच्या कानावर पडू दिला जात नाही. या पद्धतीतील सर्वांत मोठी उणीव हीच होय.

परिणाम : नेहमीच्या न्यायालयांत सुटकेचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, ज्यूरीपुढे ते कितीतरी पट अधिक. अशा अनेक सुटका सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. पत्रकार आना पोलितकोव्हस्काया यांच्या हत्येच्या खटल्यात फेब्रुवारी 2009 मध्ये आरोपी सुटले, जूनमध्ये तो निकाल रद्द झाला आणि 2014 मध्ये दुसऱ्या ज्यूरीने दोष सिद्ध मानला. पहिली ज्यूरी चुकली की तिच्यापुढे आलेला तपासच अपुरा होता, याविषयी मतभेद आहेत.

संकोच : डिसेंबर 2008 मध्ये दहशतवाद, देशद्रोह, हेरगिरी, दंगली हे गुन्हे ज्यूरीच्या कक्षेबाहेर गेले. जून 2018 पासून जिल्हा न्यायालयांतही ज्यूरी आली, पण सहा जणांची. वरच्या न्यायालयांत बारांऐवजी आठ.

अटक : ज्यूरीच्या जोडीने इतर सुधारणाही झाल्या. आरोपीला अटकेत ठेवण्याची परवानगी देण्याचा अधिकार 1 जुलै 2002 पासून सरकारी वकिलाकडून न्यायालयाकडे गेला.

तुरुंग : तुरुंगांचा कारभार 1998 मध्ये गृहखात्याकडून न्यायखात्याकडे गेला.

पिंजरा : सुधारणांच्याच काळात न्यायालयांत आरोपीला लोखंडी पिंजऱ्यात बसवण्याची रीत पडली. दोषाचा निर्णय व्हायच्या आधीच ज्यूरीला माणूस गजांआड दिसे. मागादान येथील दोन आरोपींच्या तक्रारीवर युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2014 मध्ये ही वागणूक मानहानिकारक ठरवली. हे न्यायालय ज्या युरोप परिषदेचे, तिच्यातून रशियाला मार्च 2022 मध्ये काढून टाकण्यात आले. पिंजऱ्यांच्या जागी अनेक ठिकाणी आता काचेच्या पेट्या आहेत.