गौतमीपुत्र आणि आमची वही

यंदाच्या दिवाळीत बऱ्याच वर्षांनी सगळी मंडळी एकाच वेळी नाशिकला आमच्याकडे आली. दोन मुलगे, मुलगी, दोन सुना, जावई, चार नातवंडे आणि आम्ही दोघे, अशी बारा माणसे. रात्री बैठकीच्या खोलीत गाद्या पसरल्या की पाय ठेवायला जागा नसे. मी आपला खुर्चीत बसून हे भरलेले घर डोळे भरून पाहत होतो. निवृत्त मास्तराला आणखी काय हवे?

पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. घर भरलेले दिसत होते ते चौघींमुळे. पहाटे चारला उठून पाणी तापवणारी आणि उटणे कालवणारी आमची सौ.; कढईतल्या चकल्यांवर एक डोळा ठेवून फोनवर बँकेचे काम निपटणारी थोरली सून; फराळाचे डबे भरता भरता मुलाकडून दहावीची प्रमेये म्हणवून घेणारी मुलगी; आणि सव्वा वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन एका हाताने पोळ्या लाटणारी धाकटी सून. आम्ही पुरुष मंडळी तेव्हा शंकरपाळ्यात साखर कमी पडली आहे का, यावर गंभीर चर्चा करीत होतो!

त्या धाकट्या नातीवरूनच विषय निघाला. तिचा जन्म ऑगस्ट २०२४ मधला. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयाप्रमाणे, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदपत्रांत लिहिताना आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. धाकट्याने लेकीचे पूर्ण नाव तसे म्हणून दाखवले. थोरल्याची मुलगी सहावीत आहे. ती लगेच म्हणाली, "आबा, म्हणजे सातवाहनांसारखंच की! गौतमीपुत्र सातकर्णी!"

मास्तर खूश झाला हे सांगायला नको. सातवाहन राजे आपल्या नावाआधी आईचे नाव लावत, हे वाक्य मी कितीतरी वर्षे फळ्यावर लिहिले आहे. एका गुणाचा हमखास प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या फौजेला घेऊन आम्ही पांडवलेणी चढलो.

नाशिकची मंडळी या डोंगरावर सकाळी फिरायला जातात, पण तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात थांबून भिंतीकडे पाहणारे थोडे. तिथे ब्राह्मी अक्षरांत लेख कोरलेले आहेत. त्यातला मोठा लेख गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणे भिक्षूंना दान दिले. या गोष्टीला सुमारे १९०० वर्षे झाली.

मुलांना गोष्ट सांगावी तशी मी सांगू लागलो. याच व्हरांड्यात आणखी एक लेख आहे, गौतमीपुत्राच्या काळातला, त्याच्या राज्याच्या २४ व्या वर्षाचा. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही, ते गावही ओस पडले आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरची १०० निवर्तने राजाची जमीन द्यावी, असा तो हुकूम. अगदी तलाठ्याच्या दफ्तरातला वाटावा असा! पण तो हुकूम राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे निघालेला आहे. तिथे राजमातेला 'जीवसुता' म्हटले आहे, म्हणजे जिचा मुलगा हयात आहे अशी.

आणि नंतरच्या मोठ्या लेखात तीच बाई म्हातारी झालेली दिसते. बहुतेक अभ्यासकांच्या मते तेव्हा गौतमीपुत्र हयात नव्हता. आई मुलाची कीर्ती दगडात कोरवून घेते आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले, त्याने क्षहरातांचे निर्मूलन केले, हे त्यात आहेच. ते कोणत्याही भाटाने लिहिले असते. पण त्याच ओळींत असेही आहे की त्याने धर्माला धरूनच कर घेतले, अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे, आणि आईच्या सेवेत त्याने कधी खंड पडू दिला नाही. हे शेवटचे वाक्य कोणाच्या सांगण्यावरून कोरले गेले असेल, ते काय सांगायला हवे? लेखात ती स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते. शेवटी नातवाचेही दान आहे. आजीची सेवा करावी, तिला आनंद द्यावा, या इच्छेने पुळुमावीने या लेण्यासाठी एक गाव दिले. तिथे आजीसाठी 'अयका' हा शब्द आला आहे. आपल्या 'आजी'च्याच कुळातला तो.

मास्तर आहे, म्हणून एक खुलासा करून ठेवतो. आईचे नाव लावत म्हणून सातवाहनांच्या राज्यात बायकांचे राज्य होते असे समजू नये. गादी बापाकडून मुलाकडेच जात असे. शिवाय गौतमी, वासिष्ठी ही त्या राण्यांची खाजगी नावे नव्हेत, ती गोत्रावरून आलेली आहेत. बलश्री हे तिचे स्वतःचे नाव, आणि गौतमी हे माहेरचे गोत्र सांगणारे. पण पाहा, लग्न होऊन, राणी होऊन, आजी होऊनही तिची माहेरची खूण पुसली गेली नाही. उलट मुलाच्या नाण्यांवरही तीच चढली.

मग पोरांनी खेळ काढला. प्रत्येकाने आपले नाव सातवाहनी थाटात सांगायचे. अमकीपुत्र, तमकीकन्या. चौघींची नावे लेण्यात घुमली. जावई आणि मुलगे आपापल्या आयांची नावे लावून मोकळे झाले. मीही माझ्या आईचे नाव लावले. तेवढ्यात सहावीतली नात म्हणाली, "आणि आबा, तुमच्या बाबांचं?"

मी तोंड उघडले आणि तसाच राहिलो.

माझ्या वडिलांची आई मी पाहिलेली आहे. तिच्या मांडीवर झोपलेलो आहे. सगळे तिला 'बय' म्हणत. पण तिचे नाव? माहेरचे आडनाव? मला ठाऊक नव्हते. १९०० वर्षांपूर्वीच्या राजाच्या आईचे गोत्र मला पाठ, आणि माझ्या बापाच्या आईचे नाव माहीत नाही! "घरी गेल्यावर वहीत पाहू," म्हणून मी वेळ मारून नेली.

वही म्हणजे आमची वंशावळ. वडिलांच्या हातची, लाल कापडी बांधणीची. संध्याकाळी ती काढली. नऊ पिढ्या आहेत, शाईच्या रेघा आहेत, आणि सगळे पुरुष. नऊ पिढ्यांत एकही बाई नाही. इतकी वर्षे ही वही मी अभिमानाने पाहुण्यांना दाखवत आलो. मला कधी खटकले नव्हते.

सौ. पलीकडे बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने बयचे लग्नातले नाव सांगितले, त्याआधीचे माहेरचे नाव सांगितले, गाव सांगितले, तिला किती भाऊ होते तेही सांगितले. मी थक्क. "तुला कोणी सांगितलं?" "सासूबाईंनी. असंच निवडत, टिपत बसलो की सांगायच्या. त्यांना बयनी सांगितलेलं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

म्हणजे आमच्या घरात दोन वंशावळी होत्या. एक वहीतली आणि एक सासूकडून सुनेकडे, तांदळाच्या ताटावरून चालत आलेली. दुसरी अधिक भरलेली होती. पण ती कुठेही लिहिलेली नव्हती. सौ.ने ती सांगितली नसती तर तिथेच संपली असती.

तांदळावरून आणखी एक आठवण वर आली, ती लिहिणे भाग आहे. आमच्या लग्नात मी अंगठीने ताटातल्या तांदळात बायकोचे नवे नाव लिहिले होते. नाव मीच निवडले होते. तिला कोणी विचारले नव्हते. त्या रात्री प्रथमच विचारले, "तुला वाईट वाटलं होतं का गं?" ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वर्षभर कोणी हाक मारली तरी मला ओळखूच यायची नाही. आई मला जुन्याच नावानं पत्र लिहायची. ती गेल्यावर ते नाव संपलं." एवढेच. पुन्हा तांदूळ.

मी शाळेत वर्गशिक्षक असताना प्रगतिपुस्तकावर आईची सही दिसली की पोराला परत पाठवीत असे, "वडिलांची घेऊन ये." रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी मुलाच्या वतीने आईने केलेला अर्ज परत आला म्हणून गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९९ मध्ये न्यायालयाने आईलाही नैसर्गिक पालक मानण्याचा मार्ग मोकळा केला. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली, पण सहीची माझी सवय लगेच सुटली नाही. इतिहास शिकवणे वेगळे आणि तो अंगी लागणे वेगळे.

भाऊबीज झाली, मंडळी आपापल्या गावी गेली. घर पुन्हा मोठे झाले आहे. रोज दुपारी मी वही घेऊन सौ.जवळ बसतो. ती सांगते, मी लिहितो. पाच पिढ्या मागे जाता आल्या. त्यापुढे ती म्हणते, "एवढंच मला ठाऊक." तिथे मी रिकामी जागा सोडली आहे, पण रेघ मारून ठेवली आहे. तिथे कोणीतरी होती, एवढे तरी वहीने सांगावे.

सौ.च्या नावापुढे तिचे माहेरचे नावही लिहिले. इथे मात्र लिहीत नाही, कारण तशी परवानगी नाही. "वहीत असू दे, कॉम्प्युटरवर नको," असा हुकूम आहे. तो राजा आणि राजमाता दोघांच्या नावे निघाला आहे असे समजावे.

मंडळी, तुमच्या घरी कोणी तांदूळ निवडत बसले असेल तर जरा जवळ जाऊन बसा. विचारा.