दुव्यांची साक्ष

एखादे स्थळ सांगून आले, तर आपण त्या घरच्यांनी सांगितलेल्या बढाईवर विसंबत नाही. चार शेजाऱ्यांकडे चौकशी करतो. त्यांतही ज्याच्या शब्दाला गावात मान, त्याचे मत अधिक मोलाचे. संकेतस्थळांची पारख करणाऱ्या शोधयंत्रांनाही अखेर हाच मार्ग धरावा लागला.

१९९५ साली निघालेल्या अल्टाव्हिस्टासारख्या शोधयंत्रांचा भर पानावरील शब्दांवर असे. एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहून पान पुढे सरकविणे तेव्हा फारसे अवघड नव्हते. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्जी ब्रिन ह्या विद्यार्थ्यांनी 'पेजरँक' पद्धती मांडली. एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा ही त्यांनी साक्ष मानली. साक्षीदाराची पत मोठी, तर साक्षीचे वजनही मोठे. मात्र त्याने पुष्कळांना दुवे दिले, तर ते वजन सर्वांत वाटले जाई. शास्त्रीय लेखांची थोरवी त्यांच्या उल्लेखांवरून शोधावी, ह्या विचाराशी तिचे जवळचे नाते होते. त्या विचाराचा पुरस्कार यूजीन गारफील्ड ह्यांनी १९५५ मध्येच केला होता.

परंतु साक्षीला भाव आला, आणि भाव आला तेथे बाजार भरला. दुवे विकले जाऊ लागले. परस्परांची भलावण करणारी पोकळ संकेतस्थळे उभी राहिली. २००३ मध्ये काही लोकांनी ठरवून दुवे दिले, तेव्हा 'दारुण अपयश' ह्या अर्थाचे इंग्रजी शब्द शोधणाऱ्यास गूगलवर अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश ह्यांचे चरित्र अग्रभागी दिसू लागले. त्या चरित्रात ते शब्द नव्हतेच! ह्या खोडीवर गूगलने २००७ मध्ये उपाय केला.

दरम्यान २००५ मध्ये 'दुवा आहे, पण शिफारस नाही' असे सांगणारी खूण निघाली होती. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' ह्या नावाच्या बदलाने बनावट दुव्यांवर वाढलेल्या स्थळांना खाली ओढले. त्याच वर्षी, आपणांस नको असलेले दुवे नाकारण्याची सोयही गूगलला करून द्यावी लागली. २०१६ पासून अशा दुव्यांसाठी सगळ्या स्थळाला शिक्षा करण्याऐवजी ते दुवेच हिशेबातून वगळण्याकडे कल झाला.

ह्या इतिहासातून आम्हांस एक गोष्ट दिसते. न मागता दिलेली साक्ष खरी होती, तोवरच मापही खरे होते. मोबदला मिळू लागताच साक्षीदार बिघडले, आणि मापाला रोज नवी डागडुजी करावी लागली. म्हणून यादीत पहिले नाव दिसले, तरी आपण एवढे विचारावेच: ह्याच्या बाजूने कोण बोलले, आणि का बोलले?