नागौरचा पशुमेळा आणि जयाप्पा शिंदे

अजमेर सोडून नागौरची वाट धरली की अरवलीची डोंगरओळ मागे पडते आणि शमीची विरळ झाडे, बाजरीची रिकामी शेते व वाळूचे उंचवटे यांचा मुलूख सुरू होतो. या फिकट भूमीवर रंग आहेत ते माणसांचे: केशरी-गुलाबी पागोटी, पिवळ्या-तांबड्या ओढण्या, उंटांच्या गळ्यातील कवड्यांचे गोरबंद. माघ महिन्यात नागौरनजीक मानासर येथे रामदेवजींच्या नावाने पशुमेळा भरतो. पुष्करचा कार्तिकी मेळा प्रवाशांनी जगभर गाजविला. नागौरचा मेळा मात्र मुख्यतः शेतकऱ्यांचा व व्यापाऱ्यांचाच राहिला. उंच, पांढरा, चपळ चालीचा नागौरी बैल ही त्याची खरी शोभा. दात पाहून वय ठरते, चालवून चाल पाहिली जाते, मग सौदा. शेतीत ट्रॅक्टर आल्यापासून ही गिऱ्हाइकी ओसरली आहे.

मराठी वाचकाला नागौर आठवते ते निराळ्या कारणाने. जोधपूरच्या गादीसाठी रामसिंह व बिजयसिंह या चुलतभावांत कलह पेटला, तेव्हा राणोजी शिंद्यांचे ज्येष्ठ पुत्र जयाप्पा रामसिंहाच्या बाजूने मारवाडात उतरले. १७५४ मध्ये मेडत्याजवळ पराभूत झालेला बिजयसिंह नागौरच्या किल्ल्यात शिरला आणि वेढा पडला. मेडता हेही बैलबाजाराचेच गाव. वेढा महिनोन्‌महिने रेंगाळला. जुलै १७५५ मध्ये बोलणी करण्याच्या मिषाने छावणीत आलेल्या मारेकऱ्यांनी जयाप्पांचा घात केला. नागौरलगत ताऊसर येथे त्यांची छत्री आहे.

आपल्याकडे ही कथा विश्वासघाताची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु कथेचा पुढचा भाग सहसा गाळला जातो. संतापलेल्या मराठी सैन्याने छावणीत असलेल्या राजपुतांवर हत्यार चालविले. त्यांत मेवाडच्या राण्यांनी सलोख्यासाठी पाठविलेले सलूंबरचे रावत जैतसिंहही मारले गेले. त्यांचा या कटाशी संबंध नव्हता. शिवाय ज्या कुणब्यांच्या गोठ्यांतून हे बैल निपजतात, त्यांच्या शिवारात एवढी मोठी फौज तळ देऊन राहिली, तेव्हा वैरण, धान्य आणि पाणी कोणाच्या तोंडचे गेले, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनाने क्वचितच विचारला.

दत्ताजींनी वेढा चालूच ठेवला. १७५६ च्या तहात मराठ्यांना खंडणीबरोबर अजमेर मिळाले. राजस्थानात या भरपाईला ‘मुंडकटी’ म्हणत. पुढे बिजयसिंहाने ते काही वर्षे परत घेतले, महादजींच्या फौजेने १७९० मध्ये पुन्हा मेडत्यालाच त्याचा पराभव केला, आणि अखेर १८१८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी अजमेर इंग्रजांच्या हवाली केले. त्या अंमलाच्या खुणा पुष्करात टिकून आहेत. सरोवरावर ग्वाल्हेर घाट आहे, आणि ब्रह्मदेवाच्या मंदिराचे आजचे रूप १८०९ मध्ये शिंद्यांचे कारभारी गोकुळ पारख यांनी केलेल्या जीर्णोद्धाराचे आहे.