नान, कूचा आणि मश्क : इराणी बाललघुपटांचा मागोवा

मराठीत 'दप्तर' म्हटले की शाळकरी मुलाच्या पाठीवरचे ओझे डोळ्यांसमोर येते. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी. ज्या फारसीतून हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आला, त्या फारसीत आज मुलांच्या वहीला 'दफ्तर' म्हणतात. अब्बास कियारोस्तामी यांच्या १९८७ च्या 'मित्राचे घर कुठे आहे' या चित्रपटात एक मुलगा चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत करायला टेकडीपलीकडच्या गावात धावत जातो. त्याच्या हातात असते ते हेच 'दफ्तर'.

उर्दूत शिकवणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या आमच्यासारख्याला इराणी चित्रपट पाहताना असे ओळखीचे शब्द जागोजागी भेटतात. नान, कूचा, मश्क, मुसाफिर, खाला. शब्द ओळखीचे निघाले, पण त्या चित्रपटांतले मूल मात्र आम्हाला नवे होते. आपल्याकडच्या कथा-चित्रपटांत मुसलमान घरातले मूल आले की ते बहुधा काहीतरी सिद्ध करण्यासाठी येते. कधी ते दंगलीत हरवते, कधी गरिबीचे उदाहरण होते, कधी राष्ट्रीय एकात्मतेच्या गाण्यात टोपी घालून उभे राहते. नान घेऊन घरी निघालेले आणि वाटेत कुत्र्याला घाबरलेले मूल आम्ही फार कमी पाहिले होते. ते मूल पडद्यावर कसे आले, याचा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठी हा लेख.

ही गोष्ट १९६५ साली सुरू होते. त्या वर्षी तेहरानमध्ये 'कानून-ए-परवरिश-ए-फिक्री-ए-कूदकान व नौजवानान' ही संस्था स्थापन झाली. यातला 'कानून' म्हणजे कायदा नव्हे. कायद्याचा कानून मोठ्या काफने लिहितात, हा लहान काफचा. त्याचा मूळ अर्थ चूल, शेगडी, आणि त्यावरून माणसे जिच्याभोवती जमतात ती जागा. मुलांच्या आणि कुमारांच्या वैचारिक जोपासनेसाठी काढलेल्या या संस्थेला राणी फराह पहलवी यांचा आश्रय होता आणि लिली अमीर-अर्जुमंद या तिच्या संचालिका होत्या. संस्थेने पहिल्यांदा हाती घेतली ती वाचनालये. शहरांतल्या बागांत मुलांसाठी वाचनालये निघाली आणि खेड्यांत पुस्तकांच्या गाड्या जाऊ लागल्या.

वाचनालय काढले तर पुस्तके हवीत, म्हणून संस्था प्रकाशनाकडे वळली. १९६८ साली समद बेहरंगी यांचे 'छोटा काळा मासा' हे पुस्तक तिने काढले. फर्शीद मिसकाली यांनी त्याची चित्रे काढली. पुढे १९७४ साली चित्रकारासाठीचा आंतरराष्ट्रीय हान्स क्रिश्चन अँडरसन पुरस्कार त्यांना मिळाला. बेहरंगी हे आझरबैजान प्रांतातल्या खेड्यांत शिकवणारे साधे शिक्षक होते. त्यांची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची घरची भाषा तुर्की आणि पाठ्यपुस्तके मात्र फारसी. घरात एक बोली आणि पुस्तकात दुसरी जबान, हा पेच आमच्या वर्गातल्या मुलांनाही नवा नाही. त्याच १९६८ साली बेहरंगी अरस नदीत बुडून मरण पावले. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. आपला ओहोळ सोडून समुद्र पाहायला निघालेल्या त्यांच्या माशाची गोष्ट पुढे शहाच्या विरोधकांनी आपली मानली. राणीच्या आश्रयाने चाललेल्या संस्थेनेच ते पुस्तक छापले होते, हा इतिहासातला विरोधाभास ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पुस्तकांच्या मागोमाग चित्रपट आला. संस्थेत चित्रपट विभाग उभा करण्यासाठी फीरोज शिरवानलू यांनी अब्बास कियारोस्तामी यांना बोलावून घेतले. कियारोस्तामी यांचा जन्म १९४० चा. चित्रकलेचे शिक्षण घेतलेला हा तरुण तोवर जाहिरातपट करीत होता आणि इतरांच्या चित्रपटांच्या नामावल्या सजवीत होता. बहराम बेझाई त्यांच्याहून दोनेक वर्षांनी मोठे, तर अमीर नादेरी काही वर्षांनी लहान. या तरुणांना संस्थेने एक मोठी सवलत दिली. तिकीटबारीची चिंता त्यांना नव्हती. नटनट्या नकोत, गाणी नकोत, तीन तासांची लांबी नको. दहा मिनिटांत गोष्ट संपत असेल तर ती दहा मिनिटांचीच राहू द्यावी, अशी मुभा होती. लघुपट हा प्रकार तिथे रुजला तो या मुभेमुळे.

कियारोस्तामी यांचा पहिला लघुपट १९७० चा. नाव 'नान व कूचे', म्हणजे भाकरी आणि गल्ली. त्यांच्या भावाला आलेल्या अनुभवावरून तो रचलेला आहे. एक मुलगा नान घेऊन, पायाने डबा उडवत घरी चालला आहे. अरुंद गल्लीत एक कुत्रा भुंकतो आणि मुलगा जागीच थबकतो. येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या माणसांचे त्याच्याकडे लक्ष नाही. शेवटी श्रवणयंत्र लावलेला एक म्हातारा येतो आणि मुलगा त्याच्या मागे मागे निघतो. पण म्हातारा मध्येच दुसरीकडे वळतो आणि मुलगा पुन्हा एकटा पडतो. मग तो हातातल्या नानचा तुकडा कुत्र्यापुढे टाकतो. कुत्रा शेपूट हलवत घरापर्यंत सोबत येतो. दार उघडते, मुलगा आत जातो, कुत्रा दाराशी बसतो. तेवढ्यात हातात भांडे घेतलेला दुसरा मुलगा गल्लीत येतो, कुत्रा उठतो आणि चित्रपट तिथेच थांबतो.

एवढीच कथा. पण ती नीट पाहिली तर मोठे होणे म्हणजे काय, याचा एक अख्खा धडा तिच्यात आहे. मोठ्यांचा आधार अर्ध्या वाटेपर्यंतच पुरतो. पुढची युक्ती मुलाला स्वतःच काढावी लागते, आणि ती काढताना घरच्यांच्या वाट्याची थोडी भाकरी खर्ची पडते. कुत्र्याला दगड मारू नये, असे कोणी सांगत नाही. बोधवाक्य नाही, टाळ्या नाहीत. आमच्या बी. एड. च्या पाठ-टाचणात 'उद्दिष्टे' या रकान्यात काय लिहावे, असा प्रश्न पडावा असा हा पाठ आहे.

त्याच वर्षी बेझाई यांनी 'अमू सिबीलू', म्हणजे मिशीवाले काका, हा लघुपट केला. घराशेजारी चेंडू खेळणाऱ्या मुलांवर सतत खेकसणारा एक एकलकोंडा म्हातारा त्यात आहे. एक मुलगा जखमी होतो आणि पोरांच्या गलक्याशिवाय आपले घर किती सुने आहे, हे म्हाताऱ्याला कळते. त्यांच्या १९७२ च्या 'सफर' मध्ये दोन पोरके मुलगे त्यांतल्या एकाच्या आईबापांच्या शोधात तेहरान पालथे घालतात. कियारोस्तामी यांच्या त्याच वर्षीच्या 'जंग-ए-तफरीह' मध्ये काच फोडल्याबद्दल शाळेत शिक्षा झालेला मुलगा घरी निघतो आणि भरधाव रस्त्याच्या कडेला येऊन पोहोचतो. (इथे 'जंग' म्हणजे युद्ध नव्हे, शाळेची घंटा. मधल्या सुट्टीची घंटा.) १९७५ च्या 'एका प्रश्नाची दोन उत्तरे' मध्ये वही फाटल्यावरून दोन मित्रांची मारामारी होते. मग तीच गोष्ट पुन्हा सांगितली जाते आणि या वेळी ते दोघे मिळून वही चिकटवतात. सारे पाचेक मिनिटांत संपते.

अमीर नादेरी यांचे बालपण आबादानचे. लहानपणीच आईबाप गेल्यामुळे नातलगांच्या घरी वाढलेला हा दिग्दर्शक. १९७४ चा त्यांचा 'इंतजार' पाऊण तासाचा आहे. दक्षिणेकडच्या रणरणत्या गावात एका मुलाला रोज काचेचे भांडे घेऊन बर्फ आणायला पाठवतात. तो एका दाराची कडी वाजवतो. दार किलकिले होते, मेंदी लावलेला एक हात बाहेर येतो, भांडे घेतो आणि बर्फ घालून परत देतो. हाताची मालकीण दिसत नाही. तो हात हेच त्या मुलाचे वयात येणे.

या ठिकाणी एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवली पाहिजे. आम्ही इथे सांगितलेल्या सत्तरच्या दशकातल्या लघुपटांत गल्ली मुलग्यांची आहे, चेंडू मुलग्यांचा आहे, शिक्षाही मुलग्यांनाच होते. मुलगी कुठे आहे, असे विचारले तर बहुतेक वेळा तिचे उत्तर दाराआडचा तो हात हेच आहे. कला कितीही थोर असली तरी ती आपल्या समाजाच्या भिंती सोबत घेऊनच येते.

१९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली. राजघराणे गेले, संस्थेचे जुने चालक गेले, पण ही चूल विझली नाही. कियारोस्तामी तिथेच काम करीत राहिले. १९८२ साली त्यांनी 'हमसरायान' हा सतरा मिनिटांचा लघुपट केला. एक आजोबा, तेही श्रवणयंत्र लावणारे. बाहेरची खडखड नकोशी झाली की ते यंत्र काढून ठेवतात आणि जग मुके होते. प्रेक्षकांनाही काही ऐकू येत नाही. इकडे नाती शाळेतून परतल्या आहेत, दाराची घंटा वाजवताहेत, आणि आत पत्ता नाही. त्या खिडकीखाली उभ्या राहून आजोबांना हाका मारतात. मग आणखी मुली येतात, आणखी येतात, आणि सगळ्या मिळून एका सुरात दार उघडण्यासाठी ओरडतात. 'नान व कूचे' मधला म्हातारा मुलाला अर्ध्या वाटेत सोडून गेला होता. बारा वर्षांनी तशाच दुसऱ्या म्हाताऱ्याला मुली दार उघडायला लावतात. एकट्या मुलाचे जे काम झाले नाही ते मुलींच्या मेळ्याने केले.

पुढे याच घडणीतून मोठे चित्रपट झाले. बेझाई यांचा 'बाशू' याच संस्थेचा. युद्धाच्या होरपळीतून पळालेला दक्षिणेकडचा मुलगा उत्तरेतल्या एका बाईच्या घरी येतो आणि दोघांना एकमेकांची बोली कळत नाही. हा चित्रपट लोकांपुढे यायला १९८९ साल उजाडले. माजिद मजिदी यांचा १९९७ चा 'बच्चेहा-ये-आस्मान' हाही संस्थेचाच. एका बुटांच्या जोडीत शाळा उरकणाऱ्या भावा-बहिणीची ही गोष्ट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली आणि २०१० साली 'बम बम बोले' या नावाने हिंदीत आली. मोठ्यांच्या गोष्टी सांगण्यावर बंधने होती म्हणून दिग्दर्शक मुलांकडे वळले, असे काही समीक्षक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण पायवाट क्रांतीच्या आधीच पडली होती, हेही विसरता येत नाही.

मुलींच्या बाबतीत या इतिहासाचे पुढचे पान १९९७ चे आहे आणि ते संस्थेबाहेर लिहिले गेले. मोहसिन मखमलबाफ यांनी आपल्या घरीच चित्रपटाची शाळा काढली होती. त्यांची धाकटी मुलगी हाना आठ वर्षांची असताना तिने 'माझी खाला आजारी होती तो दिवस' हा लघुपट केला आणि तो लोकार्नोच्या महोत्सवात गेला. फारसी नावात 'खाला' आणि 'मरीज' हे दोन्ही शब्द आपलेच आहेत. दाराआडच्या हातापासून कॅमेरा धरलेल्या हातापर्यंत यायला तेवीस वर्षे लागली.

शेवटी 'मश्क-ए-शब' बद्दल. १९८९ चा हा माहितीपट लांबीने लघुपट नाही, पण आमच्या पेशाला तो सर्वांत जास्त लागू आहे. मश्क-ए-शब म्हणजे गृहपाठ. आपल्या मुलाच्या गृहपाठावरून घरात होणाऱ्या कटकटीने कियारोस्तामी यांना हा विषय सुचला. तेहरानच्या एका शाळेत टेबलामागे बसून ते मुलांना एकेक करून बोलावतात. गृहपाठ का झाला नाही? घरी कोण घेते? आईबापांना वाचता येत नाही, कोणाला नवे गणित येत नाही, कोणाच्या घरी पट्टा आहे. गृहपाठ आवडतो की टीव्हीवरची कार्टून, असे विचारल्यावर मुले गंभीर चेहऱ्याने 'गृहपाठ' म्हणतात. भीतीने बोललेले ते खोटे ऐकवत नाही. 'तंबीह', म्हणजे शिक्षा, या शब्दाचा अर्थ मुलांना पाठ आहे. 'तशवीक', म्हणजे उत्तेजन, हा शब्दच कित्येकांना माहीत नाही.

हा चित्रपट पाहिल्यावर आम्ही आमच्याच वर्गात तो प्रश्न विचारून पाहिला. तंबीहचे प्रकार सांगायला निम्मा वर्ग उभा राहिला, आणि त्यांतले दोन-तीन प्रकार आमचे स्वतःचे होते. शाबाशी कधी मिळाली, यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, एक बार आप बोले थे, तेरी आवाज साफ है." आम्हाला ते आठवत नव्हते. तिला मात्र महिना आणि वारही आठवत होता.

कियारोस्तामी २०१६ साली पॅरिसमध्ये वारले. त्यानंतर एका शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही मुलांना 'नान व कूचे' दाखवला. त्यात बोलणे असे जवळजवळ नाहीच, त्यामुळे भाषेची अडचण आली नाही. संपल्यावर आम्ही सवयीने 'यातून काय शिकलात' असे विचारणार होतो, तोच एका पोराने हात वर केला. "सर, उस दूसरे लडके के पास तो नान नहीं था. अब वो कैसे जाएगा?"

आम्ही उत्तर दिले नाही. घंटा होईपर्यंत वर्ग त्यावरच बोलत राहिला आणि त्या दिवशी आम्ही मश्क दिली नाही.